मोहितेबाईंच्या अकरा डब्या

मंगळवारी सकाळी मोहितेबाई सुपरमार्केटबाहेर सायकलचं कुलूप काढताना पडल्या. रुग्णवाहिका आली. दवाखान्यात पोचण्याआधी त्या गेल्या. सायकलच्या पिशवीत पाव होता, दूध होतं आणि एक डबी होती. डबीत शिक्का होता, वही होती. खुणेचा कागद नव्हता.

तीन आठवड्यांनी जंगलाच्या कार्यालयातून पत्र आलं. बाईंना मूलबाळ नाही, यजमान केव्हाच गेलेले, म्हणून डब्यांच्या परवान्याच्या कागदावर 'संपर्कासाठी दुसरी व्यक्ती' या रकान्यात त्यांनी माझं नाव लिहून ठेवलं होतं. मला विचारलं नव्हतं. पत्रात म्हटलं होतं की परवाना व्यक्तीच्या नावावर असतो आणि व्यक्तीबरोबर संपतो. पक्ष्यांच्या विणीचा काळ सुरू होण्याआधी जंगलातल्या अकरा डब्या काढून घ्याव्यात, नाहीतर कोणीतरी स्वतःच्या नावाने नवा अर्ज करावा. अर्ज सोबत जोडला होता. तो चार पानी आहे. तीन पानं मी पहिल्याच संध्याकाळी भरली. चौथं पान पंधरा दिवस माझ्या टेबलावर कोरं पडलं आहे.

इथल्या मराठी मंडळाच्या शोकसभेत दोघातिघांनी बाईंच्या 'छान छंदा'बद्दल सांगितलं. मी मागे बसले होते आणि नेहमीप्रमाणे गप्प होते. तो छंद नव्हता. निदान एवढं तरी आता लिहून ठेवते.

शालिनी मोहिते मूळच्या कराडच्या. इथे नेदरलँड्समध्ये, फेल्डहोवनमधल्या, चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या एका कारखान्यात त्या सुटे भाग तपासायच्या. भाग ठरल्या मापात बसतो की नाही, एवढंच त्यांनी आयुष्यभर पाहिलं. बसला तर पुढे, नाही तर मागे. साहेब कितीही घाईत असो. निवृत्त झाल्यावरही त्या कारखान्याचं निळं जाकीट घालायच्या. छातीवर 'मोहिते' शिवलेलं. साडीवर, सलवारीवर, मंडळाच्या दिवाळीत पैठणीवरसुद्धा तेच जाकीट. कुणी हसलं तर म्हणायच्या, "थंडी तुला वाजती का मला?"

मी पुण्याहून नवऱ्याच्या नोकरीमागे इथे आले आणि पुढे यंत्रांची माहितीपुस्तकं लिहिण्याचं काम धरलं. बाई मला पहिली भेटल्या त्या गावाच्या वाचनालयात. निळ्या जाकिटातली एक बाई खिडकीपाशी बसून भल्या मोठ्या खोडरबरावर बारीक पात्याने काहीतरी कोरत होती. वाचनालयातली मुलगी आली आणि नम्रपणे म्हणाली, की इथे पातं वापरता येणार नाही.

"कुठं लिहिलंय?" बाईंनी विचारलं. डचमध्येच, पण ती डच कराडच्या सुरात होती.

"म्हणजे... तशी पद्धत आहे."

"पद्धत नको. लिहिलेलं दाखवा."

मुलगी गोंधळली. शेवटी दोघी दाराजवळच्या नियमांच्या फलकापाशी गेल्या. बाईंनी चष्मा लावला आणि फलक पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. कुत्रे, ओल्या छत्र्या, फोनवरचं बोलणं. नवव्या क्रमांकावर धारदार वस्तू आत आणू नयेत असं होतं. बाईंनी ते दोनदा वाचलं, मुलीचे आभार मानले, सामान गोळा केलं आणि बाहेरच्या बाकावर जाऊन कोरायला लागल्या. पाऊस भुरभुरत होता. जाताना माझ्या हातातलं मराठी पुस्तक बघून म्हणाल्या, "पुण्याची दिसतीस. छत्री धर चल."

मी छत्री धरली. नंतरची सात वर्षं कमीअधिक तेच केलं.

त्या कोरत होत्या ती खार होती, उलटी. शिक्क्यात सगळं उलटं कोरावं लागतं. खाली 'खार' ही दोन अक्षरंही उलटी. तिथेच त्यांनी मला लेटरबॉक्सिंग म्हणजे काय ते सांगितलं. टपालाशी त्याचा संबंध नाही. इंग्लंडातला जुना खेळ आहे. कुणीतरी रानात किंवा बागेत एक डबी दडवतं. डबीत हाताने कोरलेला शिक्का आणि एक वही असते. खुणेचा कागद वाचत वाचत तुम्ही तिथे पोचायचं, डबीतला शिक्का आपल्या वहीत उठवायचा, आपला शिक्का डबीतल्या वहीत उठवायचा, आणि डबी होती तिथे, होती तशी ठेवायची. उपग्रह नाही, फोन नाही. डोळे आणि वाचता येणं, एवढंच लागतं.

वाचता येणं हीच बाईंची गोष्ट होती. मंडळाच्या एका कार्यक्रमात आठ-दहा मुलांनी मराठी कविता म्हटल्या. छान म्हटल्या. टाळ्या संपल्यावर बाईंनी एका मुलीच्या हातातला कागद पाहिला. कविता इंग्रजी अक्षरांत लिहिलेली होती. त्यांनी बाकीच्यांचेही कागद मागून घेतले. सगळे तसेच. आईबाप म्हणाले, "अहो काकू, बोलतात हेच खूप आहे. घरी आम्ही मराठीत विचारतो, ही डचमध्ये उत्तर देतात."

"मग प्रश्नच असा विचारा की उत्तर पायानं द्यावं लागंल," बाई म्हणाल्या.

पंधरा दिवसांनी त्या घरांमध्ये पाकिटं पोचली. आत शाईने, ठळक देवनागरीत लिहिलेला खुणेचा कागद. पहिला मला अजून पाठ आहे: 'सायकल लाव. पाणी उजव्या हाताला धरून चाल. दोन झाडं भांडून पाठ करून उभी हायती, तिथं थांब. डावीकडं आडवं पडलेलं खोड बघ. त्याच्या पोटात हात घाल. साप नाही, भिऊ नको.' तळाशी अट होती: कागद मुलानेच मोठ्याने वाचायचा. मोठ्यांनी तोंड उघडलं तर डबी सापडणार नाही.

एका बापाने कागदाचा फोटो काढून फोनकडून भाषांतर करून घ्यायचा प्रयत्न केला. बाईंचं अक्षर फोनला लागेना. त्याने फोन केला, "काकू, जरा टाइप करून पाठवता का?" बाई म्हणाल्या, "तू वाचू नको. तुला येतंय. जिला येत न्हाई तिला दे." त्याची मुलगी ते एक पान वाचायला दोन रविवार घेऊन बसली. तिसऱ्या रविवारी तिच्या वहीत खार उमटली.

बाईंचे सगळे शिक्के जंगलातल्या जीवांचे होते. खार, सुतारपक्षी, बेडूक, मुंगी, घुबड, कोळी. नाव मराठीत. मंडळातल्या एका गृहस्थांनी म्हटलं, की जंगल इथलं, प्राणी इथले, मग निदान नाव तरी दोन्ही भाषांत असावं. बाई म्हणाल्या, "इथल्या खारीला खार म्हणायला कुणाची परवानगी लागती? खारीची? तिनं कधी तक्रार केली न्हाई."

परवानगी डबी ठेवायला मात्र लागते, आणि ती बाईंनी पहिल्या डबीआधीच मागितली होती. लोकांना हे खरं वाटत नाही. इतकी भांडकुदळ बाई नियम झुगारणारी असणार, असं त्यांना वाटतं. उलट होतं. जंगलाची नियमावली त्यांनी कपाटाला आतून चिकटवली होती. खणायचं नाही. झाडाला खिळा मारायचा नाही. डबी पायवाटेवरून हात पोचेल एवढ्याच अंतरावर. आत खायचं काही नको, वासाचं काही नको. विणीच्या महिन्यांत डब्या बंद. सूर्य मावळला की जंगल बंद. बाई रविवारी निघताना शेंगदाण्याच्या बटरच्या रिकाम्या बरणीत भडंग भरून घ्यायच्या, पण ते खायच्या जंगलाच्या फाटकाबाहेर. "आत लसणाचा वास सांडतो," म्हणायच्या.

फक्त एका गोष्टीवर अडलं होतं. जंगलाचा बोसवाख्टर, म्हणजे रखवालदार, विम नावाचा उंच, मितभाषी माणूस होता. अर्ज चाळून तो म्हणाला, "मेफ्राउ मोहिते," म्हणजे मोहितेबाई, "सगळं ठीक आहे. खुणांचा मजकूर मात्र डचमध्ये द्या."

"लिहिलेलं दाखवा."

त्याने शोधून दाखवलं. 'मजकूर अधिकाऱ्याला तपासता आला पाहिजे.'

"यात डच कुठाय? तपासता आला पाहिजे म्हटलंय. तपासा की. मी वाचून दाखवते."

"अकराच्या अकरा?"

"अकराच्या अकरा. जागेवर."

तो माणूस हसला नाही. त्याने जाकीट चढवलं. आम्ही तिघं साडेचार तास चाललो. बाई प्रत्येक जागी थांबून खूण आधी मराठीत वाचायच्या, मग तिचा अर्थ डचमध्ये सांगायच्या, आणि विम तोवर झाडांकडे बघत असायचा. आठव्या जागी बाई मराठीत वाचत असतानाच त्याने खाली वाकून बरोबर दगडामागे बोट दाखवलं. बाई म्हणाल्या, "बघा, तपासता आला." त्याने तिथेच गुडघ्यावर कागद ठेवून सही केली. भाषेच्या रकान्यात त्याने स्वतःच्या हाताने 'मराठी' लिहिलं. बाईंच्या घरी तो कागद देवाच्या फोटोशेजारी होता. थोडा पुढेच.

डच माणूस तोंडावर बोलतो असं आपल्याकडचे लोक इथे आल्यावर एकमेकांना बजावतात. बाईंना त्याचं हसू यायचं. "आमच्याकडं तोंडावर बोलणाऱ्याला नुसतं माणूस म्हणत्यात," असं त्या म्हणायच्या. मी तोंडावर बोलत नाही. मी आधी मनात वाक्य दुरुस्त करते, आणि तोवर वेळ निघून जाते. पुढचं मला म्हणूनच लिहायला हवं.

तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळी हिवाळ्यात डब्यांतल्या वह्यांना बुरशी यायला लागली. बाईंचा गुडघा दुखत होता, म्हणून वह्या बदलण्याचं काम माझ्याकडे आलं. माझे वडील पुस्तकांच्या कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवायचे. पुण्याहून येताना मीही एक पुडी आणली होती. मी प्रत्येक डबीत दोन-दोन गोळ्या टाकल्या. कपाटात घरी पुस्तकं जशी जपतात तशी वही जपली, एवढंच माझ्या डोक्यात होतं. बाईंना सांगावं असंही वाटलं नाही. अशा गोळ्या इथल्या दुकानांत मिळत नाहीत. त्यावरूनच मला कळायला हवं होतं.

कुत्रा फिरवणाऱ्या कुणीतरी वासाची तक्रार केली. विमने एक डबी उघडली, मग सगळ्या उघडल्या. आम्हाला कार्यालयात बोलावलं. टेबलावर अकरा डब्या रांगेत, आणि एका काचेच्या बरणीत बावीस गोळ्या, झाकण घट्ट लावून.

"हे विष आहे," विम म्हणाला. "कुत्र्याने खाल्लं तर कुत्रा. मातीत विरघळलं तर मातीतले जीव. हे कुणी ठेवलं?"

मी तोंड उघडलं. वाक्य तयार होत होतं.

"डब्या माझ्या हायत," बाई म्हणाल्या. मराठीत. मग डचमध्ये.

"मेफ्राउ, मी विचारतोय कुणी ठेवलं."

"परवान्यावर कुणाचं नाव आहे? वाचा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी बरणीकडे पाहिलं. त्याने परवाना सहा महिन्यांसाठी काढून घेतला. कारण म्हणून 'परवानाधारकाने विषारी पदार्थ ठेवला' असं लिहिलं. बाईंनी वाचून सही केली.

परतताना सायकली सिग्नलला थांबल्यावर बाई म्हणाल्या, "पुण्याच्या का गोळ्या?"

"हो."

"डबी उघडल्या उघडल्या कळलं. आईच्या ट्रंकेचा वास."

"बाई, मी सांगणार होते—"

"तुझ्या तोंडून यायला पायजे होतं. असू दे. येईल कधीतरी." हिरवा दिवा लागला आणि त्या निघाल्या.

मंडळातल्या लोकांना वाटलं, आता हे प्रकरण संपलं. कुणी म्हणालं, बागेत गुपचूप ठेवा, कोण बघतंय. बाईंनी त्या माणसाला असं काही सुनावलं की तो पुढची दिवाळी आलाच नाही. पुढच्या आठवड्यात मात्र घरोघरी पाकिटं पोचली. नवी खूण. मुलांनी ती वाचली, मुलं चालली, वळली आणि जंगलाच्या फाटकाजवळच्या एका बाकापाशी पोचली. बाकावर निळं जाकीट घालून मोहितेबाई बसल्या होत्या. मांडीवर पिशवी, पिशवीत शिक्का.

सहा महिने त्या प्रत्येक रविवारी वेगळ्या बाकावर बसल्या. एकदा तळ्याकाठी, एकदा पवनचक्कीमागे, एकदा दफनभूमीच्या भिंतीला लागून. दहा ते चार. पाऊस आला तर जाकिटाची टोपी वर. मुलं यायची, कागद वाचून दाखवायची, शिक्का घ्यायची. मी छत्री धरून शेजारी असायचे, पण मुलांना बाईच सापडायच्या. मी त्यात धरली जात नसे.

पाचव्या की सहाव्या रविवारी विम आला. सायकलवरून न उतरता म्हणाला, "मेफ्राउ, परवाना स्थगित आहे."

"डबी ठेवायचा. मी काही ठेवलेलं न्हाई. मी बसलीय. बसायला परवाना लागतो असं लिहिलेलं दाखवा."

त्याने खरंच खिशातून नियमावली काढली. ओल्या बोटाने पानं उलटली. आम्ही थांबलो. एक बदक रस्ता ओलांडून गेलं. नियमावली त्याने परत खिशात घातली आणि दुसऱ्या खिशातून एक छोटी वही काढली.

"आज काय आहे?" त्याने विचारलं.

"मुंगी."

त्याने वहीत मुंगी उमटवून घेतली. सहा महिने पूर्ण झाले त्या सोमवारी परवाना टपालाने आला. या वेळी बारा डब्यांचा. बाईंनी एक वाढवून मागितली होती.

मला त्या शेवटच्या दिसल्या त्या जानेवारीतल्या एका रविवारी. भडंग खाऊन आम्ही परतत होतो. मोठ्या रस्त्यावर सायकलींचा दिवा लाल होता. दोन्ही बाजूंना नजर पोचेपर्यंत एकही गाडी नव्हती. आमच्या पुढचे तिघं डच लोक निघून गेले. त्यांच्या मागोमाग मीही गेले. मला घरी पाहुणे होते. पलीकडे पोचून मागे पाहिलं. बाई लाल दिव्यासमोर उभ्या होत्या. एक पाय जमिनीवर, टोपी मागे पडलेली, निळं जाकीट. मला बघून त्यांनी दिव्याकडे बोट दाखवलं. मी हात हलवला आणि वळणावरून घरी गेले.

तेव्हाही मी विमला सांगितलेलं नव्हतं.

अर्जाच्या चौथ्या पानावर तीन प्रश्न आहेत. पहिला: खुणांचा मजकूर कोणत्या भाषेत आहे? दुसरा: मजकूर तपासण्यासाठी अधिकाऱ्याबरोबर चालण्याची तयारी आहे का? हा प्रश्न मागच्या अर्जात नव्हता. विमने घातला असणार. तिसरा: या जागी पूर्वी नियमभंग झाला असल्यास तो कोणी केला? तिथे कार्यालयाने जुन्या नोंदीवरून आधीच छापून पाठवलं आहे: 'श. मोहिते.' खाली एक ओळ: चूक असल्यास दुरुस्ती करावी.

ही ओळ मी पंधरा दिवस वाचते आहे. गेलेल्या माणसाला काय फरक पडतो, असं नवरा म्हणाला. अर्ज नामंजूर झाला तर डब्या जातील, मुलांचे रविवार जातील, मग कशाला उकरतेस, असंही म्हणाला. त्याचं चुकत नाही. पण कागदावर चुकीचं नाव आहे, आणि ती बाई चुकीच्या मापाचा भाग एकदाही पुढे जाऊ देत नसे.

काल मी बाईंच्या सायकलच्या पिशवीतली, माझ्याकडे आलेली डबी उघडली. शिक्का नीट पाहिला नव्हता. शाईवर टेकवून कागदावर उठवला. गांडूळ आहे. एक लांब, वळलेलं गांडूळ आणि खाली नाव. मातीतले जीव, असं विम म्हणाला होता. त्या बोलल्या नाहीत, पण ऐकलं होतं.

आज सकाळी मी चौथं पान भरलं. भाषा: मराठी. चालण्याची तयारी: आहे. तिसऱ्या प्रश्नात 'श. मोहिते' वर रेघ मारली आणि लिहिलं: गोळ्या मी ठेवल्या. त्यांना माहीत नव्हतं. विचारलं तेव्हा मी गप्प बसले. खाली माझं पूर्ण नाव आणि सही. नामंजूर झाला तर बाक आहेत. बसायला परवाना लागत नाही, हे तपासून झालेलं आहे.

अर्ज पेटीत टाकला आहे. अकरा डब्या जंगलात आहेत. बारावी माझ्या टेबलावर आहे. तिचा खुणेचा कागद मला लिहायचा आहे.